आमचें मौन

"कोणी हंसलें म्हणून काय अंगास भोकें पडतात?" असें वडील माणसें म्हणतात. अंगास पडत नाहींत हें खरें; परंतु जिभेस कुलूप मात्र बसतें. हा आमचा स्वतःचा अनुभव आहे, व तोच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमचें गांव गडचिरोली जिल्ह्यांत, भामरागडच्या रानांत. पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती या नद्या तेथें एकत्र येतात. घरीं आम्ही माडिया बोलतों. पांचवींत आम्हांस चंद्रपुरास वसतिगृहांत ठेविलें. पहिल्या महिन्याच्या अखेरीस आई भेटावयास आली. आनंदाच्या भरांत आम्ही ओरडलों, "आई आलें!" सारीं मुलें खदखदां हंसलीं. त्या दिवसापासून आमचें नांवच "आलें" पडलें. वाटेंत, पंगतींत, रात्रीं दिवे मालविल्यावरही तीच हांक येई. पुढें आम्ही बोलणेंच सोडलें. उत्तर येत असलें तरी हात वर होईना. "भेटावयास येऊं नकोस," असा निरोपही आम्हीं आईस धाडिला. त्याची टोचणी अद्याप गेलेली नाहीं.

त्या पावसाळ्यांत ग्रंथालयांतून "श्यामची आई" हें पुस्तक हातीं पडलें. साने गुरुजींनीं तें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. त्यांत श्याम पोहावयास भितो व घरांत लपून बसतो. तें वाचून आम्हांस हंसूं आलें. पर्लकोटेच्या डोहांत डुंबणारे आम्ही; आम्हांस पाण्याचें भय तें कसलें? आणि तत्क्षणीं आम्ही चपापलों. आपण श्यामास हंसलों तें अगदीं त्या मुलांसारखेंच! आपणांस सहज येतें तें दुसऱ्यास येत नाहीं, एवढेंच त्या हंसण्याचें कारण. मोठेपणीं आपली भीति न लाजतां लिहून ठेवणाऱ्या गुरुजींचें आम्हांस नवल वाटलें. आम्हींही आपली हकीकत वहीच्या चार पानांवर लिहिली व भीत भीत मराठीच्या बाईंस दिली.

दुसऱ्या दिवशीं बाईंनीं फळ्यावर समजावून दिलें कीं, मराठींत लिंगें तीन. माडियांत मात्र पुरुष एका गटांत, आणि स्त्रिया व वस्तु दुसऱ्या गटांत. "आई आलें" ही त्याच रीतीची सांवली होती. मग त्यांनीं प्रत्येकास माडियाचें एक वाक्य बोलावयास लाविलें. चुका सर्वांच्याच झाल्या, आणि प्रथमच आम्ही सारे मिळून हंसलों.

टोपणनांव कांहीं एका दिवसांत गेलें नाहीं. आजही चारचौघांत बोलतांना घसा कोरडा पडतो. दिवाळींत घरीं आईची क्षमा मागितली. ती कांहींच बोलली नाहीं. पुढच्या महिन्यांत वसतिगृहाच्या दारीं येऊन उभी राहिली.

बालमित्रांनो, तुमच्या वर्गांत कोणी गप्प बसत असेल, तर त्याला येत नाहीं असें समजूं नका. त्याच्याशेजारीं बसा. आणि वडीलधाऱ्यांनो, मूल "येऊं नका" म्हणालें, तर अवश्य जा.