डावीकडचं बेअरिंग

गिऱ्हाइकाची तक्रार स्पीडोमीटरची होती. काटा थरथरतो, मध्येच शून्यावर येऊन बसतो आणि पुन्हा उडी मारतो. नवी केबल टाकून झाली होती, थरथर तशीच होती. उत्तर ऑन्टारियोतल्या त्या शेडमध्ये ऑक्टोबरची थंडी नुकती दाराखालून आत यायला लागली होती. फिटरने स्पीडोमीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने स्नोमोबाइलचा मागचा भाग लोखंडी घोडीवर चढवला, क्लचचा बेल्ट काढून खुंटीला अडकवला आणि रबरी ट्रॅक हाताने हळूहळू फिरवायला लागला. दुसऱ्या हातात लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक ड्राइव्हशाफ्टच्या डाव्या बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाशी.

हा फिटर मूळचा सांगली जिल्ह्यातला. विशी उलटेपर्यंत त्याने पाहिलेला बर्फ रसवंतीतल्या लादीपुरता. विहिरींवरच्या पंपांच्या मोटारी उघडणं हे त्याचं पहिलं शिक्षण, आणि तिथेच तो स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायला शिकला. त्याच्याही आधी फळीखाली जुनी बेअरिंगं ठोकून केलेला गाडा होता. उतारावर तो गाडा सगळी आळी जागी करायचा. तो खडखडाट म्हणजे मेलेल्या बेअरिंगचा आवाज, हे मात्र हाताला काम लागल्यावर कळलं. पोरांना गॅरेजवाले चांगलं बेअरिंग कशाला देतील!

गुलमर्गला स्नोमोबाइलवर बसून आलेल्या मराठी मंडळींना हे यंत्र माहीत असतं ते हँडल आणि पुढच्या दोन स्की इतकंच. खरा खेळ पोटात चालतो. इंजिनावरच्या क्लचवरून बेल्ट दुसऱ्या क्लचवर येतो, तो क्लच ज्यावर बसतो तो जॅकशाफ्ट. जॅकशाफ्टचं दुसरं टोक चेनकेसमध्ये जातं. तिथली साखळी खालच्या ड्राइव्हशाफ्टला फिरवते आणि ड्राइव्हशाफ्टवरचे दातेरी चक्के ट्रॅकला ओढतात. दोन्ही शाफ्ट दोन्ही टोकांना बेअरिंगांवर तोललेले असतात. दातेरी चक्क्याने ट्रॅक ओढायच्या या कामात क्यूबेकमधल्या वालकूर गावचे जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए यांचं नाव मोठं. १९३४ च्या हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद असल्यामुळे आजारी लहानग्या मुलाला ते रुग्णालयात पोचवू शकले नाहीत आणि मूल गेलं. तीन वर्षांनी, १९३७ साली, त्यांना या रचनेचं पेटंट मिळालं, आणि १९५९ साली त्यांची स्की-डू ही स्नोमोबाइल बाजारात आली.

बऱ्याच स्नोमोबाइलींच्या शाफ्टवर ६२०५ नंबरचं बेअरिंग असतं. शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतलं भोक मिळतं, २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. पुढे २आरएस असेल तर दोन्ही अंगांना रबरी सील आहे, आणि सी३ म्हणजे छर्ऱ्यांना नेहमीपेक्षा जरा जास्त मोकळीक. सांगलीच्या दुकानात हाच नंबर सांगितला तर हेच माप हातात पडतं. परमुलुखात पहिल्याच दिवशी फिटरला ओळखीची वाटलेली ही एकमेव वस्तू.

मुठीत मावणाऱ्या या वस्तूत साधारण नऊ छर्रे असतात. त्यांना पडणारं काम हिशोबाने बघण्यासारखं आहे. ट्रॅकचे टप्पे २.८६ इंचांचे आणि चक्का आठ दात्यांचा धरला, तर शाफ्टच्या एका फेऱ्यात गाडी अठ्ठावन्न सेंटिमीटर पुढे जाते. ताशी ८० किलोमीटरला मिनिटाला सुमारे २३०० फेरे झाले. तेही ओल्या बर्फाच्या माऱ्यात.

पण फिरण्याने बेअरिंग फारसं मरत नाही, असं फिटरचं ठाम मत आहे. ते मरतं थांबल्यावर. तासभर पळालेलं बेअरिंग गरम असतं. गाडी थांबली की चहूकडून लागलेला बर्फ वितळतो आणि त्याचं पाणी सीलच्या ओठावर येऊन बसतं. बेअरिंग गार होताना आतली हवा आकसते, आणि सील जरा जरी झिजलेलं असलं तरी ते पाणी आत ओढलं जातं. एका वेळी थेंबही नसेल. हिवाळाभर असे थेंब साठतात, ग्रीस दुधाळ होतं आणि एप्रिलमध्ये गाडी ताडपत्रीखाली जाते. मग सहा महिने छर्रे एकाच जागी टेकलेले. जिथे टेकले तिथेच गंज धरतो. पुढच्या मोसमात त्या खड्ड्यांवरून फिरताना जी घरघर सुरू होते, तिचं खापर लोक ट्रॅकवर फोडतात, साखळीवर फोडतात. गिऱ्हाइकाने स्पीडोमीटरवर फोडलं.

डावीकडचंच का, तर चेनकेसमधल्या बेअरिंगला तिथलं तेल मिळत राहतं. डाव्या टोकाच्या बेअरिंगकडे जन्मतः भरलेलं ग्रीस तेवढं असतं. अनेक जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची जोडणीही शाफ्टच्या त्याच टोकाला. बेअरिंग ढिलं झालं की शाफ्टचं टोक हेलकावतं आणि काटा थरथरतो. काटा खरंच सांगत होता, फक्त वेगाबद्दल नव्हे.

फिटरने शाफ्ट धरून वर-खाली हलवला. प्ले बोटांना कळण्याइतका होता. सील उचकटलं तेव्हा आतून तांबडट चिखल निघाला.

अजून महिनाभर गाडी चालली असती तर छर्रे जाम झाले असते. मग बेअरिंगची आतली कडी शाफ्टवरच घसरायला लागते आणि शाफ्टला खातच सुटते. स्वस्तातल्या बेअरिंगपायी सबंध शाफ्ट बदलण्याची पाळी येते.

नवं बेअरिंग बसवताना तो हातोडीला हात लावत नाही. त्यामागे एक जुनी चूक आहे. शिकाऊ असताना एका पंपाच्या शाफ्टवर त्याने बेअरिंग बाहेरच्या कडीवर ठोकत बसवलं. बसलं झकास. ठोक्यांचा सगळा मार मात्र छर्ऱ्यांमधून आतल्या कडीवर गेला होता. आठवड्यात मोटार पुन्हा वाजायला लागली आणि उस्तादांनी जुनं बेअरिंग कापून कडीवरचे बारीक व्रण दाखवले. तेव्हापासून त्याचा नेम ठरला: शाफ्टवर चढवायचं असेल तर दाब आतल्या कडीवर, घरात बसवायचं असेल तर बाहेरच्या. शाफ्टवर घट्ट बसणारं असेल, तर या मुलुखात निसर्गच मदत करतो. शाफ्ट रात्रभर बाहेर ठेवला की आकसतो.

या गाडीत बेअरिंगला लॉक करणारी विकेंद्री कडी होती. ती शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवून आवळायची असते. उलटी आवळली तर धावताना सुटू शकते. बाहेरची कडी पाठीवर गोलसर असते, त्यामुळे शाफ्ट किंचित वाकडा असला तरी बेअरिंग स्वतःला सावरून घेतं. गोलाईच्या जोरावर सावरून घ्यायची ही युक्ती स्वीडनमधल्या गोटेबोर्ग शहराच्या एका कापड गिरणीत सुचली. गिरणीखालची चिकणमाती खचायची, शाफ्ट रेषेबाहेर जायचे आणि बेअरिंगं फुटायची. तिथले अभियंता स्वेन विंगक्विस्ट यांनी १९०७ साली सावरून घेणारं बॉल बेअरिंग केलं, आणि त्यावर एसकेएफ कंपनी उभी राहिली. तिचा एक कारखाना आपल्या चिंचवडला आहे. बोम्बार्डिए जन्मले तेही १९०७ सालीच. योगायोगच, पण फिटर तो प्रत्येक शिकाऊला ऐकवतो.

ट्रॅक पुन्हा हाताने फिरवला. स्क्रू ड्रायव्हरमधून आता ग्रीस हलल्याची भरीव शांतता तेवढी ऐकू येत होती. काटा स्थिर झाला. जुनी केबल गिऱ्हाइकाने फेकून दिली होती, ती बहुधा चांगली होती.

ज्यांच्याकडे स्नोमोबाइल आहे त्यांनी शेवटच्या फेरीनंतर गाडी घोडीवर चढवावी, बर्फ झाडून पुरती सुकू द्यावी, निपल असेल तिथे जुनं दुधाळ ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं भरावं, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ट्रॅक हाताने चार फेरे फिरवून छर्ऱ्यांची जागा बदलावी. घरघर ऐकू आली तर एप्रिलमध्येच या. ऑक्टोबरमध्ये फिटरकडे रांग असते.