ठेठरी, खुरमी आणि कोहमाऱ्याचा फाटा

मला नवेगावबांधला जायचं होतं आणि तिथे काय बघायचं तेही ठरलेलं होतं. तलाव, त्याच्या पाळीवरची संध्याकाळ, आणि मारुती चितमपल्लींनी ज्याच्यावर इतकं लिहिलं ते रान. सगळं बघितलं. तलाव मोठा आहे, देखणा आहे, कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला आणि आजही त्याच्यावर धान पिकतं. पाळीवर बसून पाऊस बघितला, खोलीवर येऊन झोपले. तलावाचं एवढंच. लिहावंसं वाटतं ते कोहमाऱ्याबद्दल. तिथे मुद्दाम कुणी जात नाही, गाडी बदलायला उतरतात.

नागपूरहून रायपूरकडे निघालात, साकोली मागे पडली, की देवरीच्या अलीकडे हा चौक येतो. हजिऱ्याहून थेट कोलकात्याला जाणारा जुना महामार्ग, त्याच्या या भागाला आता 53 नंबर दिलाय. आमच्या पिढीला तो अजून ‘सहा नंबर’च. डाव्या हाताचा रस्ता गोरेगाव-गोंदियाला, उजव्या हाताचा नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव आणि पुढे वडशाला. तालुका सडक अर्जुनी. दोन अर्जुन्यांमुळे माझ्यासारखी शहरी माणसं हमखास गोंधळतात आणि काळी-पिवळीवाले त्याची मजा घेतात. चौकात वाघाचे फोटो असलेले सफारीचे फलक, ट्रकांच्या रांगा, आणि पावलापावलावर तंबाखूचा खर्रा घोटणाऱ्या टपऱ्या. खर्रा या वस्तूबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही.

जुलै संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी रोवणी चाललेली, बांध्यांमध्ये प्लॅस्टिकचे कागद पांघरून बायका वाकलेल्या. मी उतरले तेव्हा पाऊस असा लागला होता की पलीकडची टपरीही दिसेना. काळी-पिवळीचा ड्रायव्हर सीटवर आडवा पडला होता. ‘पुलावरून पाणी आहे,’ तो डोळे न उघडताच म्हणाला. ‘उतरलं का निघू.’ कधी उतरेल? ‘उतरलं का.’

मग हॉटेल. पत्र्याची शेड, बाहेर कढई. आलुबोंडा आणि वर चण्याची तर्री. नागपूरकर म्हणून सांगते, तर्रीला रंग येण्यासाठी जे तेल ओतलं जातं त्याने तर्री बिघडते. इथली पातळ होती, झणझणीत होती आणि नागपुरातल्या कितीतरी नावाजलेल्या ठेल्यांपेक्षा बरी होती. दुसरी प्लेट मागवणार तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, ‘तांदळाले कोणी दंड करते का वो बाई?’

प्रश्न मला होता. विचारणारी साठीची बाई, पायाशी दोन पिशव्या आणि एक जड गोणपाट. शेजारी मुलगा आणि सून. दोघंही तिशीच्या आतबाहेरची, आणि या वादाला विटलेली. पाच मिनिटांत मला सगळा मामला कळला, कारण बाईंना पंच हवा होता. मुलगा-सून पंधरवड्यात अमेरिकेला निघाली होती. धमतरीला सुनेच्या माहेरी निरोप घेऊन आता अर्जुनी मोरगावला मुलाच्या आत्याचा निरोप घ्यायला चालली होती. आत्या म्हातारी, तिचं विमानतळावर येणं शक्य नव्हतं. आणि या गोणपाटात पाच किलो एचएमटी तांदूळ होता, जो सून न्यायला तयार नव्हती.

एचएमटीवर माझंही प्रेम आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकड्यात निवडून-निवडून हे वाण काढलं आणि मनगटी घड्याळाचं नाव त्याला दिलं. अशा तांदळाला सून नाही म्हणते म्हटल्यावर मी सासूबाईंच्या बाजूने झुकले होते. पण सून कीटकशास्त्राची निघाली.

‘खपऱ्यामुळे, काकू,’ ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. साठवणीच्या धान्यात पडणारा हा एवढासा भुंगा. त्याची अळी गोणीच्या शिवणीत, भिंतीच्या फटीत लपते आणि खायला न मिळताही वर्षानुवर्षं तग धरते. त्याची अमेरिकेला इतकी दहशत आहे की 2011पासून आपल्यासारख्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाच्या बॅगेत तांदळाचा दाणाही चालत नाही. दुकानदाराने रीतसर कागदपत्रांनी मागवला तर चालतो, आईने दिलेला चालत नाही. ‘आणि मी त्यांच्या जागी असते ना, तर मीही काढून घेतला असता.’

‘आइका!’ सासूबाई म्हणाल्या. ‘सरकारच्या बाजूनं बोलून राहिली.’

ती पीएच.डी.ला चालली होती. इंडियाना राज्यातलं विद्यापीठ, विषय साठवणीच्या धान्यातले किडे. म्हणजे घरात तांदळावरून भांडण होणार हे तिच्या नशिबी आधीच लिहिलेलं होतं. नवरा नागपूरला शिकवणी वर्गांत गणित शिकवायचा. नोकरी सोडून आता तिच्याबरोबर, तिच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर. त्याने मला त्या व्हिसाचे नियम सांगितले तेव्हा तो हसत होता, आई हसत नव्हती. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला तिथे एक पैसा कमावता येत नाही. पदवीचं पूर्णवेळ शिक्षणही घेता येत नाही. फार तर एखाद-दोन विषयांचे वर्ग.

‘लोक विचारतेत, पोरगा काय करन तिकडं? काय सांगू मी?’

‘सांग, स्वयंपाक करणार.’

‘तुले येते?’

‘वरण-भात येते.’

‘भात कायचा करशीन? तांदूळ तं नेऊ देत नाही ना हे!’

यावर हॉटेलवालासुद्धा हसला. पण मला त्या बाईंचं दुखणं कळलं, आणि मान्य मुळीच झालं नाही. मुली नवऱ्यामागे जाऊन तिकडच्या स्वयंपाकघरांत वर्षं काढतात तेव्हा लोकांना सांगायला कुणाला शब्द शोधावे लागत नाहीत. मी तसं बोलले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पंचपद माझ्या हातून गेलं.

तेवढ्यात सुनेने पिशवी सोडली. ‘पाऊस काही थांबत नाही. खाऊन टाकू.’ आतून स्टीलचा डबा निघाला: ठेठरी आणि खुरमी. धमतरीच्या आईने अमेरिकेसाठी करून दिलेली. बेसनाची, ओवा घातलेली, दोन वेढे मारून तळलेली ठेठरी आणि गुळाची खुसखुशीत खुरमी. इंडियानासाठीचा ऐवज कोहमाऱ्याच्या फाट्यावर फस्त होऊ लागला. आम्ही खाल्ला, हॉटेलवाल्याने खाल्ला, मघाचा ड्रायव्हर झोपेतून उठून आला आणि त्याने मूठभर उचलला. मी नवेगावच्या यजमानांसाठी नेत असलेली संत्रा बर्फी काढली. ठेठरीशी तिचा मेळ बसत नाही, पण कुणी तक्रार केली नाही. सासूबाईंनी तीनदा खुरमी घेतली आणि ‘तेल जास्त झालं’ असा शेरा मारला.

खाताना मी विचारलं, धमतरीहून थेट इंडियाना कसं सुचलं? मुलगी म्हणाली, ‘आमच्याकडे तर तिथूनच लोक आले होते.’ आणि इथे माझे कान टवकारले. मुलगी ख्रिस्ती होती, आणि धमतरीची ख्रिस्ती मंडळी मेनोनाइट पंथाची. 1897च्या दुष्काळात एल्खार्ट, इंडियाना इथला जॉर्ज लॅम्बर्ट मदत घेऊन हिंदुस्थानात आला, परत जाऊन त्याने पुस्तक लिहिलं, आणि 1899 साली अमेरिकन मेनोनाइटांचं मिशन धमतरीत येऊन बसलं. पुढे शाळा, कुष्ठरोग्यांची वसाहत, दवाखाना. मुलीची आजी त्या दवाखान्यात दाई होती. मुलीच्या लेखी एल्खार्ट हे परदेशातलं गाव नव्हतं. लहानपणापासून प्रार्थनेत ऐकलेलं गाव होतं. विमानतळावर न्यायला तिथलंच एक कुटुंब येणार होतं.

‘आणि आमच्याकडचे?’ सासूबाई म्हणाल्या. त्या नागपूरच्या, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या. हे चर्च 1970 साली नागपुरातच एकत्र आलं हे त्यांनी मला असं सांगितलं जणू मंडप त्यांनीच घातला होता. मेनोनाइट लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, मूल मोठं होऊन स्वतः मागेल तेव्हा देतात. सासूबाईंकडे पाळण्यातच देतात. अजून पत्ता नसलेल्या नातवाचं पाणी कुठल्या वयात पडणार, हा या घरातला तांदळाच्या खालोखालचा वाद होता. मुलगा म्हणाला, ‘आई, आधी तिथे गॅसची शेगडी आहे का ते बघू दे.’

मी त्यांना अमेरिकेला शिकायला गेलेल्या करमरकर जोडप्याची गोष्ट सांगितली. आनंदीबाई जोशी त्यांना ठाऊक होत्या, सगळ्यांनाच असतात. 1886 साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी गेल्या. पण त्याच कॉलेजातून 1892 साली आणखी एक मराठी बाई डॉक्टर झाली, गुरुबाई करमरकर. ती आणि तिचा नवरा सुमंतराव, दोघंही ख्रिस्ती, दोघंही शिकायला अमेरिकेत. तो हार्टफर्डच्या आणि येलच्या धर्मविद्यालयांत ईश्वरशास्त्र शिकला, ती फिलाडेल्फियात वैद्यक. तो कनेक्टिकटात, ती पेनसिल्व्हेनियात, मध्ये तीनेकशे किलोमीटर. 1893 साली गुरुबाई परतल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं रोगी तपासत राहिल्या. त्यांत कुष्ठरोगी होते, बालविवाहाने मोडलेल्या पोरी होत्या. 1932 साली त्या गेल्या. आनंदीबाईंवर नाटक झालं, सिनेमा झाला. गुरुबाईंचं नाव मी घेतलं की सुशिक्षित घरांतही लोक ‘कोण?’ म्हणतात. लवकर मेलेल्या माणसांवर आपलं प्रेम जास्त, वर्षानुवर्षं निमूट काम करणाऱ्यांवर कमी. मला याचा राग येतो आणि तो मी त्या पत्र्याखाली जरा मोठ्यानेच व्यक्त केला.

मुलगा विचार करून म्हणाला, ‘म्हणजे तेव्हा दोघं शिकू शकले.’

‘हो.’

‘आणि मी आता नाही.’

त्याच्या बायकोने खुरमीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, ‘पाच वर्षं. मग मी भात करीन, तू शीक.’ सासूबाई पावसाकडे बघत होत्या, पण ऐकत होत्या.

याच मुलखाने आणखी एका मराठी माणसाचं आयुष्य प्रवासात फिरवलं होतं, ते मला तिथे बसल्याबसल्या आठवलं. नारायण वामन टिळक राजनांदगावला नोकरीला होते. नागपूरहून तिकडे जाताना आगगाडीत त्यांची एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली, गप्पा झाल्या, उतरताना त्याने नव्या कराराची प्रत दिली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ती गाडी गोंदियावरून जाते, इथून उत्तरेला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यापायी काय सोसावं लागलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. अनोळखी माणसाशी प्रवासात बोलावं की नाही, याबद्दल त्यांचं मत माझ्यापेक्षा वेगळं असणार.

पाणी उतरलं. ड्रायव्हरने कुणालाही न विचारता हॉर्न वाजवला. काळी-पिवळीत आम्ही इतके कोंबले गेलो की गोणपाट माझ्या मांडीवर आलं; नवेगावपर्यंतचं जंगल मी पाच किलो एचएमटीच्या वरून पाहिलं. उतरताना सासूबाईंनी ‘सलाम’ केला आणि गोणपाट माझ्या पायाशी ठेवून दिलं. ‘तुम्ही खा. तुमाले दंड नाही.’

तो तांदूळ दिवाळीपर्यंत पुरला. तोवर निरोप येऊ लागले होते, बहुतेक मुलाचेच. तिला किड्यांपासून फुरसत नव्हती. पहिल्या आठवड्यात त्याला कळलं की तिथे पायी जाऊन काहीच आणता येत नाही. दुकान दिसतं, पण मध्ये सहा पदरी रस्ता आणि पादचाऱ्याला वाटच नाही. देशी दुकानात सोना मसुरी मिळाला, एचएमटी नाही. शेगडी विजेची, त्यावर वांगं भाजायचा प्रयत्न केल्यावर अख्ख्या इमारतीचा भोंगा वाजला आणि पाच मजल्यांवरची मुलं चपलांवर खाली उतरली. नोव्हेंबरात बर्फ पडलं तेव्हा त्याने फोटो पाठवला नाही, हिशेब पाठवला: दोन जाड कोट, दोन जोड बूट, विद्यावेतनातून इतकं गेलं, उरलं इतकं. गणिताचा मास्तर. हल्ली तो चर्चमधल्या मुलांना गणित शिकवतो, फुकट. पैसे घेतले तर बेकायदा, न घेतले तर सेवा.

सगळ्यात लांब निरोप एल्खार्टचा होता. विद्यापीठापासून दोन-अडीच तासांची वाट, ते कुटुंब त्यांना रविवारच्या उपासनेला घेऊन गेलं. वाद्य नाही, चार सुरांत सगळी मंडळी गाते, मुलगी रडली. नंतरच्या जेवणात एक नव्वदीची गोरी बाई काठी टेकत आली. साठच्या दशकात धमतरीच्या दवाखान्यात नर्स होती. हिचा हात धरून तिने विचारलं, ‘का साग रांधे हस?’ आज भाजी काय केलीस, हे छत्तीसगढात ख्यालीखुशाली विचारणं असतं. नवऱ्याला काही समजलं नाही, बायको उत्तर देऊ शकली नाही, आणि नर्सबाईंनी स्वतःच सांगून टाकलं की आपल्याला रखिया बडीची, म्हणजे कोहळ्याच्या सांडग्यांची, भाजी येते आणि पुढच्या खेपेला आपण ती करून घालू.

हे त्याने आईलाही कळवलं, आणि तिथे त्याची चूक झाली. गेल्या महिन्यात सासूबाईंचा मला फोन आला. उन्हाळ्यात त्या लेकाकडे जाणार आहेत. पासपोर्ट झालाय. ‘थे नर्सबाई बडीची भाजी करते म्हणे,’ त्या म्हणाल्या. ‘पाहतोच मी. मी थितं पाटवडी रस्सा करतो मंडळीसाठी. फक्त बेसन नेऊ देतेत का नाही, थे तिले विचारून सांगा. मी नाही विचारत.’