रविवारी चर्च, सोमवारी बाजार

मुलांनो, ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढा बरं. खाली उजवीकडे मेलबर्न सापडलं? तिथून नैऋत्येला सुमारे ७५ किलोमीटरवर, समुद्रकाठी जिलाँग नावाचं शहर आहे. लोकरीच्या व्यापारावर वाढलेलं बंदर. इथल्या फोर्डच्या कारखान्यात १९३४ साली एक अजब गाडी जन्मली. पुढून बघाल तर मोटार, मागून बघाल तर टेम्पो! तिकडे तिला लाडाने ‘यूट’ म्हणतात.

गोष्ट अशी सांगतात, की गिप्सलँड भागातल्या एका शेतकरणीने कारखान्याला पत्र धाडलं. दिवस मंदीचे. मोटार आणि ट्रक दोन्ही घ्यायची ऐपत नाही. पण रविवारी चर्चला जायला धड मोटार हवी आणि सोमवारी डुकरं बाजारात न्यायला ट्रक. काही करता येईल का? काम आलं ल्यू बँट या विशीतल्या तरुणाकडे. त्याने गाडीचं चित्र कुठे काढलं असेल? चक्क दहा मीटर लांबीच्या फळ्यावर! (आमच्या शाळेत एवढा फळा असता तर!) मालाचा हौदा असलेल्या गाड्या आधीही होत्या, पण त्यांत बसणारा उन्हापावसात उघडा. बँटने मोटारीची बंद, काचांची खोली आणि मागचा हौदा एकाच अंगात बसवला. साडेपाचशे किलो माल भरा, रविवारचे कपडे कोरडेच!

१९५१ साली होल्डन कंपनीचीही यूट आली. मग शेताशेतावर हीच गाडी. तारेची भेंडोळी, गवताच्या गंजा, मागे उभा राखणीचा कुत्रा. घरच्याच कुरणात मुलं हिच्यावर चालवायला शिकतात. आजोबांची यूट बाबांकडे, बाबांची ताईकडे. मेंढ्याने धडक दिलेला पोचा कुणी काढत नाही. तो कुणाच्या वेळचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

आता मात्र गंजलेला पत्रा बदलायचा की गाडी भंगारात द्यायची, हा प्रश्न सोपा राहिलेला नाही. २०१६ साली फोर्डने आणि २०१७ साली होल्डनने ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं बंद केलं. तिथे आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या यूट थायलंडहून येतात. त्या मोटारीच्या अंगाच्या नाहीत, ट्रकसारख्या सांगाड्यावरच्या. दणकट खऱ्या, पण मला विचाराल तर ती बहीण नव्हे, फार तर शेजारीण.

कधी गेलात तर डेनिलिक्विन गावी जा. तिथल्या सपाट माळावर १९९९ साली यूटचा मेळा सुरू झाला. हजारो गाड्या जमतात. त्यांत आजोबांची यूट घेऊन आलेली नातवंडंही दिसतील. पोचा कुणाचा, तेवढं विचारा. मग तासभर तरी सुटका नाही!