पटनचेरूचा बाटलीतला हरभरा

सोलापूरहून हैदराबादचा रस्ता धरला की उमरगा, झहीराबाद मागे टाकून आपण पटनचेरूला पोचतो. तेथे 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ सालापासून कोरडवाहू पिकांवर काम करीत आहे. आवारात काळी जमीन आहे आणि तांबडीही. त्यामुळे आपल्याकडची मंडळी तेथे लगेच रमतात. आम्ही गेलो तेव्हा तूर शेंगांनी लगडली होती.

प्रयोगशाळेत मात्र सारे गप्प झाले. काचेच्या बाटल्यांत साखर व क्षार घातलेला खळीसारखा थर, आणि त्यावर हरभऱ्याच्या कोवळ्या रोपाचे तुकडे! एका संजीवकाने कोंब फुटतात, दुसऱ्याने मुळे. केळीला हे सहज साधते. कडधान्ये भारी हट्टी. हरभऱ्याला कोंब फुटतात, पण मुळ्या धरत नाहीत. मग तो कोंब दुसऱ्या रोपाच्या खुंटावर कलम करतात. आंब्याचे कलम ठाऊक होते, हरभऱ्याचे ऐकून आमच्यातल्या आजी पदर तोंडाला लावून हसल्या.

"साहेब, ही रोपं केळीसारखी आम्हांला कधी मिळायची?" एकाने विचारले.

हिशेब करा. पाच फुटांवर लावलेली केळी एकरात साधारण १,७४० बसते. ३० बाय १० सेंटिमीटरवर हरभऱ्याची झाडे होतात सुमारे १ लाख ३५ हजार. एवढी बाटलीतली रोपे कोणाला परवडतील? कडधान्यात शेतकऱ्याच्या हाती यायचे ते बियाणेच.

मग हा खटाटोप रानतुरीसाठी. शेंगा पोखरणाऱ्या अळीला पुरून उरेल अशी तूर आपल्या लागवडीच्या जातींत सापडत नाही. तो गुण काही रानटी भाऊबंदांत आहे. त्यांतल्या 'कजानस प्लॅटिकार्पस'शी तुरीचा संकर केला, तर गर्भ शेंगेतच मरतो. तो मरण्याआधी काढून बाटलीत वाढवावा लागतो. पटनचेरूच्या शास्त्रज्ञांनी असा संकर मिळविल्याचे १९९५ साली प्रसिद्ध केले. पहिली झाडे वांझ निघाली. त्यांची गुणसूत्रे दुप्पट केली, तेव्हा कोठे बी धरले. पुढे पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा तुरीशीच संकर करीत जायचे. हे काम चिकाटीचे आहे, आणि फवारणीचा खर्च सोसणाऱ्यांना ते फार सावकाश वाटते, यात नवल नाही.

परतताना गाडीत निराळीच गोष्ट निघाली. एका गावात कोणी 'टिश्यू कल्चर तूर' म्हणून दामदुप्पट भावाने रोपे विकली होती. ट्रेमध्ये बियांपासून केलेली तुरीची रोपे लावणे चांगले, खुशाल लावा. ती घरीही करता येतात. टिश्यू कल्चरच्या नावाखाली मात्र एक पैसाही जादा देऊ नका.