पाणी आवरा

"काकू, रोज न चुकता पाणी घालते हो मी! तरी बघा कसं झालंय." शेवटच्या घटका मोजणारं झाड माझ्याकडे येतं ते बहुधा या वाक्यासकटच. मग मला फारसं विचारावं लागत नाही. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत मी कुंड्यावाली काकू. कुणी गावाला निघालं की त्यांची झाडं माझ्या गच्चीत मुक्कामाला येतात आणि पंधरवड्याने मालकांना ती जास्त टवटवीत दिसतात. "काय घातलंत?" असं सगळे विचारतात. घातलेलं काहीच नसतं. उलट रोजचं पाणी बंद केलेलं असतं.

आजारी कुंडी आली की मी ती आडवी करते, कडेने थोपटते आणि झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढते. निरोगी मुळं पांढुरकी आणि ताठ असतात, त्यांना मातीचाच वास येतो. कुजलेलं मूळ तपकिरी, बुळबुळीत. ते चिमटीत धरून हलकेच ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत दोऱ्याएवढी शीर तेवढी उरते. असं मूळ कितीही पाण्यात ठेवा, त्याला एक थेंब वर चढवता येत नाही.

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींतल्या हवेतून त्यांना प्राणवायू मिळतो. त्या फटी कायमच्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात आणि पिथियमसारख्या बुरशीवजा रोगजंतूंना रान मोकळं मिळतं. गंमत म्हणजे, मुळं मेली की पानंही माना टाकतात, अगदी तहानलेल्या झाडासारखीच. घरातलं कुणीतरी ते बघतं आणि कळवळून आणखी एक मग ओततं. म्हणून पान मलूल दिसलं की आधी मातीत बोट घालावं. माती कोरडी आणि पान कुरकुरीत असेल तर खुशाल पाणी द्या. माती ओली आणि खालची पानं पिवळी पडून लुळावली असतील, तर झारी खाली ठेवा.

बोट दोन पेरं तरी आत जायला हवं. सोरतापवाडीच्या बाजूच्या नर्सऱ्यांतून येणारी बरीच झाडं कोकोपीटमध्ये वाढवलेली असतात. कोकोपीट वरून भुसभुशीत, कोरडं दिसतं आणि तळाशी मात्र चिंब असतं. मी तर आता कुंडी उचलूनच बघते. पाणी घातल्यावर ती किती जड लागते ते एकदा हाताला कळलं, की हलकी झाल्याचंही कळतं. ओलावा मोजायचं यंत्र मिळतं म्हणे. मिळो बापडं.

तळाशी विटांचे तुकडे, खडी वगैरेंचा जाड थर घालायची आपल्याकडे पद्धत आहे. "निचरा होतो," म्हणतात. होत नाही. बारीक मातीने धरलेलं पाणी, ती माती पुरती भिजेपर्यंत खालच्या मोकळ्या खडीत उतरत नाही. ते थराच्या वर थांबतं, म्हणजे दलदल मुळांच्या आणखी जवळ सरकते. भोकावर एक वाकडी खापरी पालथी ठेवली की पुरे. बाकी जागा मातीला द्यावी, आणि त्या मातीत थोडी जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळावं. छोट्या रोपाला 'पुढे वाढेल' म्हणून मोठी कुंडी देणंही तसंच. चिमूटभर मुळं एवढी माती कधी कोरडी करणार?

झेडझेडचं झाड पूर्व आफ्रिकेकडचं. त्याच्या मातीखालच्या जाडजूड कंदात आणि मांसल देठांत पाण्याचा साठा असतो. पावसाळ्यात घरातल्या झेडझेडला दोन-तीन आठवडे विसरलात तरी ते तक्रार करणार नाही. स्नेक प्लांटचंही तेच. फर्नची गोष्ट वेगळी, ते एकदा पुरतं वाळलं की पुन्हा हिरवं होणं अवघड. तुळशीबद्दल बोलताना मला जरा जपून बोलावं लागतं, कारण तिथे पाण्याचा संबंध पुण्याशी असतो. अंगणातल्या वृंदावनाला रोजचं तांब्याभर पाणी झेपतं. आठव्या मजल्यावरच्या वीतभर कुंडीला ते झेपत नाही, थंडीत तर नाहीच. तिला पळीभर पाणी वाहावं. देवाचा त्याला आक्षेप नसावा.

शेतकऱ्याला हे सगळं नव्याने सांगायला नको. सांगोल्याचे डाळिंबवाले, नागपूरकडचे संत्रावाले बहार धरायचा म्हणून झाडाला मुद्दाम ताण देतात. पाणी तोडलं की नवी पालवी थांबते, अन्न फांद्यांत साठतं, आणि मग खत-पाणी मिळाल्यावर झाड फुलावर येतं. ताण हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त.

माझा मोगरा मी याच रीतीने फुलवते. हजारी असो वा मदनबाण, त्याची फुलं नव्या फुटीवर येतात. जानेवारी सरता सरता मी पाणी तोडते. कुंडीतल्या झाडाला साधारण आठवडाभराचा ताण पुरतो, पानं मलूल झाली की समजावं. मग फांद्या निम्म्यावर छाटायच्या, राहिलेली पानं खुडायची, वरची माती उकरून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळायची आणि भरपूर पाणी द्यायचं. फूट येते आणि उन्हाळाभर ओंजळी भरतात. मात्र पाच-सहा तास कडक ऊन हवं. सावलीतल्या मोगऱ्याला कितीही ताण दिलात तरी पानंच येणार. बोगनवेलही कुंडीत सतत ओली ठेवली तर नुसती हिरवीगार माजते.

यंदा पाऊस सुरू झाला की एक करा. कुंड्यांखालच्या सगळ्या बश्या काढून कपाटात ठेवा, आणि पाइप घेऊन रोज सकाळी फिरणाऱ्या सोसायटीच्या माळीमामांना ऑक्टोबरपर्यंत दुसरं एखादं काम द्या.