ओळख
2023 च्या नाताळासाठी माझी भाची, तिचा दीड वर्षांचा मुलगा आणि मी धडगावहून वसईस निघालो. सातपुड्याचा घाट उतरताना बाळ दोनदा ओकले. माझा पांढरा झगाच पुढे आला. नंदुरबारला रेल्वे, सुरतेला बदल.

अंगणात माझी थोरली बहीण सकाळपासून उभी होती. तिने सामवेदीत नातवाला साद घातली. आई दवाखान्यात असल्याने पावरा शेजाऱ्यांत वाढलेले ते लेकरू रडत आईला बिलगले. बहिणीचे पुढे केलेले हात तसेच राहिले. मी काही समजावू लागलो. आम्हां धर्मगुरूंना ही खोडच!

"फादर, गप राहा," ती म्हणाली आणि खाली बसून वालाच्या शेंगा सोलू लागली. बऱ्याच वेळाने एक चिमुकला हात सुपाकडे आला. तिने वर पाहिले नाही.