यंत्र मात कशी शोधतें?

बुद्धिबळांतील कोडीं सोडविण्याचा नाद आपल्याकडे नवा नव्हे. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनीं बिकट स्थितींचा एक संग्रह संस्कृतांत केला होता, आणि त्याचें इंग्रजी रूपांतर १८१४ सालीं मुंबईस छापलें गेलें. ज्या कोड्यावर पूर्वीं आठवडा खर्चीं पडे, त्याचें उत्तर आतां खिशांतला फोन क्षणांत देतो. तेव्हां असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो कीं, उत्तर मिळालें म्हणजे कोडें सुटलें काय? ज्याचें सारें आयुष्य मुलांना शिकविण्यांत गेलें, त्याला हा प्रश्न केवळ खेळापुरता वाटत नाहीं. म्हणून यंत्र नेमकें करतें तरी काय, हें समजून घेण्याचा मीं यत्न केला. त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवतों.

'मी हें खेळेन, तो तें खेळेल, मग मी मात करीन' ही नुसती आशा झाली. सक्तीची मात ही प्रतिज्ञा आहे. माझी एक खेळी अशी आहे कीं, प्रतिपक्षी कांहींही खेळो, त्याच्या प्रत्येक उत्तरास माझ्यापाशीं पुन्हां निदान एक खेळी आहे, आणि अशा रीतीनें शेवट मातेंतच व्हावयाचा. यांत दोन पक्षांचे नियम अगदीं भिन्न आहेत. माझ्या बाजूस एक खेळी पुरते. त्याच्या बाजूचीं सर्व उत्तरें तपासावीं लागतात. गृहिणी शितावरून भाताची परीक्षा करते. शास्त्रकार त्यालाच स्थालीपुलाकन्याय म्हणतात. प्रतिपक्ष्याच्या उत्तरांस हा न्याय लागूं करून भागत नाहीं. तेथें शीत न् शीत दाबून पाहावें लागतें. उलट, एक जरी शीत कच्चें निघालें, तरी माझी ती खेळी बाद. मग बाकीचीं शितें चाचपण्याचें कारण उरत नाहीं.

यंत्राची बरीचशी बचत या शेवटच्या गोष्टींत आहे. डावाच्या मध्यावर एका बाजूस सरासरीनें तीसेक खेळ्या शक्य असतात असें धरूं. तीन खेळींची मात म्हणजे माझ्या तीन व त्याच्या दोन, मिळून पांच चाली. सर्व वाटा तुडवावयाच्या तर तीसचा पांचवा घात, म्हणजे २ कोटि ४३ लक्ष वाटा झाल्या! परंतु माझी योग्य खेळी दर वेळीं पहिल्यानेंच हातीं लागली, तर तीस गुणिले तीस, अशा अवघ्या ९०० वाटांत सिद्धता पुरी होते. तेव्हां कोणती खेळी आधीं पाहावयाची, यावरच सारी भिस्त. यंत्र बहुधा शह देणाऱ्या खेळ्या आधीं पाहतें. शह बसला कीं राजा हलविणें, मध्यें मोहरा घालणें किंवा शह देणाऱ्यास मारणें, एवढेच उपाय राहतात, आणि तीस उत्तरांचीं तीनचार होतात. १९९४ सालीं नेदरलंड्समधील व्हिक्टर आलिस व त्यांचे सहकारी यांनीं हेंच तत्त्व पद्धतशीर मांडलें. सिद्धतेसाठीं अजून निदान किती स्थिति जिंकावयाच्या उरल्या, हें प्रत्येक फांदीवर मोजावें; आणि जेथें आंकडा लहान, तेथें आधीं जावें.

मात्र जें यंत्र केवळ शहच तपासतें, त्याला 'मात आहे' असें म्हणतां येतें. 'मात नाहीं' असें म्हणण्याचा अधिकार नाहीं. कित्येक उत्तम कोड्यांची किल्ली म्हणजे एखादें प्यादें मुकाट्यानें एक घर सरकविणें एवढीच असते. 'आहे' म्हणावयास एक साक्षी पुरे. 'नाहीं' म्हणावयास सारा गांव पालथा घालावा लागतो.

या विद्येचा आरंभ अगदीं साधा होता. मँचेस्टर येथें नोव्हेंबर १९५१ मध्यें डीट्रिख प्रिंझ यांची आज्ञावली प्रथम चालली. तिला पुरा डाव येत नव्हता. दोन खेळींची मात तेवढी ती शोधी, आणि तीही सर्व खेळ्या एकामागून एक करून पाहून. एका कोड्यास सुमारें पाव तास लागला. पुढें २०१२ सालीं मॉस्को विश्वविद्यालयाच्या 'लोमोनोसोव' महासंगणकानें उलटी वाट धरली. मातेपासून एकेक पाऊल मागें येत, दोन्ही राजे धरून पटावर सातच मोहरे उरलेल्या स्थितींचा निकाल त्यानें लावला. त्यांतील एका स्थितींत मात आहे, पण ती ५४९ खेळींनीं! हें सिद्ध आहे, यांत संशय नाहीं. परंतु त्यांतील दोनशेवी खेळी तीच कां, हें शब्दांत सांगूं शकेल असा मनुष्य नाहीं.

येथेंच माझ्यांतला मास्तर अडतो. भूमितीच्या तासास उत्तर बरोबर असून कृति नसली, तर मी पुरे गुण देत नसें. यंत्रापाशीं कृति आहे, किंबहुना ती ढीगभर आहे. पण मनांत मावेल असें कारण नाहीं.

माझा नातू उत्तर दिसतांच पट आवरूं लागे. मीं त्याला बंदी केली नाहीं. एवढेंच ठरविलें कीं, यंत्रानें सांगितलेली पहिली खेळी पांढऱ्याची म्हणून मी करावयाची, आणि त्यानें काळ्याकडून सुटका शोधावयाची. एका संध्याकाळीं त्यानें सात-आठ उत्तरें हट्टानें खेळून पाहिलीं, आणि दर वेळीं तीच मात बसली. मग तो बराच वेळ पटाकडे पाहत राहिला व म्हणाला, "आजोबा, राजाचीं दोन्ही घरें तुमच्या घोड्यानें धरलीं आहेत. उंटाच्या वाटेंत येणारें किंवा त्याला मारणारें माझ्याकडे कोणी नाहीं. मग मी कांहींही खेळलों तरी तेंच होणार!"

उरलेलीं उत्तरें त्यानें खेळून पाहिलीं नाहींत, आणि मींही तसा आग्रह धरला नाहीं. स्थालीपुलाकन्याय स्वयंपाकघरांत खरा ठरतो, तो सर्व तांदूळ एकाच पाण्यांत व एकाच आंचेवर शिजला हें ठाऊक असतें म्हणून. यंत्राला तें ठाऊक नसतें, म्हणून त्याला एकेक शीत दाबावें लागतें. आणि तें काम तें आपल्याहून कितीतरी चोख करतें, हेंही मान्य केलें पाहिजे. कारण उमगलें कीं एका शितावर विसंबण्याचा अधिकार मनुष्यास येतो. तो अधिकार मुलांनीं स्वतः मिळवावा, एवढ्यासाठीं उत्तर हातीं आल्यावरही पट थोडा वेळ मांडलेला ठेवावा.